ओठ आधी की आवाज आधी?



आता घरोघरी मोठ्या पडद्याचे टी.व्ही. संच आले आहेत. हप्त्यावर घेतलेला साऊंडबार किंवा पाच-सहा डब्यांचे होम थिएटरही दोन खोल्यांच्या घरात दिसू लागले आहे. त्यात वावगे काही आहे असे आम्हाला वाटत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी मुलाबाळांसह चांगला चित्रपट पाहिला, बातम्या नीट ऐकल्या, तर ती चैन कशी म्हणावी? परंतु या नव्या संचाबरोबर एक नवी तक्रारही घरात येते. पडद्यावरचा माणूस बोलून मोकळा होतो आणि त्याचा आवाज मागाहून येतो. कधी उलटे होते. आवाज आधी कानावर पडतो आणि ओठ नंतर हलतात. तोंड एकाचे आणि बोलणे दुसऱ्याचे, असा प्रकार.

अशा वेळी घरात बहुधा दोनच मार्ग निघतात. एक तर निमूटपणे सहन करायचे, नाही तर मेकॅनिकला बोलवायचे. आमच्या माहितीच्या एका कुटुंबाला तर दुकानदाराने संचच बदलून घ्या असे सांगितले आणि वरचे पैसे मागितले. प्रत्यक्षात संचात कसलाही बिघाड नव्हता. टी.व्ही. आणि साऊंडबार यांची जोडणी वायरने न करता ब्लूटूथने केली होती, एवढेच. सोबत मिळालेली वायर खोक्यात तशीच पडून होती. ती लावली आणि तक्रार संपली. अजून हप्ते फिटायचे असलेल्या वस्तूवर पुन्हा पैसा ओतण्यापूर्वी आपणच काय तपासावे, हे सांगण्यासाठी या आठवड्यात हा विषय घेत आहोत.

ही तक्रार क्षुल्लक नाही

"थोडा आवाज मागे-पुढे झाला तर काय बिघडले?" असे काहीजण म्हणतील. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणूस बोलणे नुसते कानाने ऐकत नाही, डोळ्यांनीही ऐकतो. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणत होते आणि ध्वनिफितीवर आवाज 'बा' असा होता. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना 'गा'ही ऐकू आला नाही आणि 'बा'ही नाही. त्यांना ऐकू आला 'दा'! डोळे मिटून ऐकले की तोच आवाज पुन्हा 'बा'. म्हणजे कान आणि डोळे यांच्या साक्षी जुळल्या नाहीत, की मेंदू तिसरेच काहीतरी ठरवतो.

आता आपल्या घरातल्या आजी-आजोबांचा विचार करा. वय वाढते तसे कान प्रथम बारीक, उंच स्वर गमावतात. स, श, त, फ यांसारखी अक्षरे त्यांना धूसर होतात. 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' असे म्हातारी माणसे म्हणतात, ते याचमुळे. अशी माणसे नकळत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून शब्द पुरा करतात. ओठ आणि आवाज यांची फारकत झाली की त्यांचा हा आधार जातो. मग आजी आवाज मोठा करायला सांगतात, नातवंडे कुरकुरतात, शेवटी आजी उठून आत जाऊन बसतात. घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, की त्यांचा दोष काही नव्हता. दोष एका सेटिंगचा होता. बोलायला शिकणारी लहान मुलेही ओठांकडे पाहतच शब्द उचलतात.

आणखी एक गोष्ट. १९९३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बायरन रीव्ह्ज आणि डेव्हिड व्होल्कर यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. चित्र आणि ध्वनी यांचा मेळ नसला, की प्रेक्षक पडद्यावरच्या माणसांविषयी अधिक प्रतिकूल मत बनवतात, असे त्यात दिसले. बोलणाऱ्याचा अपराध काही नाही, तरी त्याच्या बोलण्याचे वजन कमी होते. तेव्हा ज्याचे बोलणे ऐकावे म्हणून आपण टी.व्ही.पुढे बसतो, त्याला न्याय द्यायचा असेल तर हा मेळ साधलाच पाहिजे.

निसर्गाचा नियम काय सांगतो?

पावसाळ्यात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. हिशेब करायचा तर ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. नदीच्या पलीकडच्या घाटावर कोणी धुणे आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि 'धप्' मागून येते. जन्मापासून आपल्याला याची सवय आहे. म्हणून आवाज थोडा मागे राहिला तर मेंदू तो चालवून घेतो. परंतु आवाज आधी आणि कृती नंतर, असे निसर्गात कधीच घडत नाही. त्यामुळे आवाज जरा जरी पुढे गेला तरी तो लगेच खुपतो.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसारणासाठी जी शिफारस केली, तिच्यात हाच फरक आकड्यांत मांडला आहे. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की तो जाणवू लागतो. मागे राहिला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत तो बहुधा जाणवत नाही. आपल्याकडच्या टी.व्ही. प्रसारणात सेकंदाला २५ चित्रे असतात, म्हणजे एका चित्राला ४० मिलिसेकंद. आवाज जेमतेम एका चित्राइतका पुढे सरकला तरी डोळा आणि कान तक्रार करू लागतात. मागे मात्र तो तीन चित्रांपर्यंत खपून जातो.

जुन्या टी.व्ही.ला ही खोड का नव्हती?

आमच्या पिढीने काचेच्या नळीचे पाठीमागे फुगीर असलेले टी.व्ही. वर्षानुवर्षे पाहिले. त्यांना ही खोड सहसा नव्हती. त्या संचात चित्राचा संकेत येई आणि किरण तत्काळ पडद्यावर चित्र उमटवी. साठवून ठेवण्याची, विचार करण्याची भानगड नव्हती. आजचा सपाट टी.व्ही. हा एक संगणकच आहे. आलेले चित्र तो आधी साठवतो, मोठे करतो, रंग सुधारतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतो आणि मग पडद्यावर दाखवतो. या कामाला वेळ लागतो. काही संचांत तो १०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. टी.व्ही. स्वतःच्या स्पीकरचा आवाजही तेवढाच थांबवून धरतो. म्हणून नुसता टी.व्ही. पाहताना सहसा मेळ बिघडत नाही. होम थिएटर जोडले की मात्र चित्राची वाट वेगळी आणि आवाजाची वाट वेगळी होते. दोघे एका गावाला निघाले, एक एस.टी.ने आणि दुसरा पायी. एकाच वेळी पोहोचतील कसे?

अशी काळजी सिनेमावाल्यांना पूर्वीपासून घ्यावी लागत असे. ३५ मिलिमीटरच्या चित्रपट-फितीवर एखाद्या दृश्याचा आवाज त्या दृश्याच्या शेजारी छापलेला नसे, तर २१ चौकटी पुढे असे. कारण प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी वर आणि ध्वनी वाचणारा भाग खाली असतो. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने हे अंतर पाऊण सेकंदाहून अधिक होते. जत्रेतल्या तंबू टॉकीजच्या ऑपरेटरने फीत लावताना तिचा फेर लहान-मोठा ठेवला, की नायकाचे ओठ आणि आवाज यांची ताटातूट होई आणि तंबूत शिट्ट्या सुरू होत. तो ऑपरेटर जे काम हाताने करी, तेच आता आपल्याला रिमोटने करायचे आहे.

आधी निदान, मग औषध

आवाज आपण थांबवून मागे ढकलू शकतो. पुढे मात्र ओढू शकत नाही. जो आवाज अजून संचापर्यंत पोहोचलाच नाही, तो आधी कसा वाजवणार? म्हणून पहिला प्रश्न हाच, की आवाज पुढे आहे की मागे? हे न ठरवता सेटिंग फिरवत बसणे म्हणजे कोणती नोंद चुकली हे न पाहता कीर्दीतले आकडे खोडण्यासारखे आहे. ताळा कधीच जमणार नाही.

ओळखायचे कसे? मराठीची वर्णमाला येथे आपल्या उपयोगी पडते. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांपैकी प, ब, भ आणि म उच्चारताना दोन्ही ओठ मिटतात. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरे निघतच नाहीत. थेट बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या तोंडाकडे पाहावे. 'मुंबई', 'पाऊस', 'बाजार' असे शब्द आले की ओठ मिटून उघडण्याचा क्षण आणि अक्षर ऐकू येण्याचा क्षण एकच आहे का, ते पाहावे. ओठ उघडल्यावर 'प' ऐकू आला तर आवाज मागे. ओठ मिटण्यापूर्वीच आला तर आवाज पुढे.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर मोबाईलवर घरातल्याच कोणाचे तरी टाळ्या वाजवतानाचे चित्रण करावे. दोन पावलांवर उभे राहून, दोन्ही हात पूर्ण दिसतील असे. सेकंदाला एक अशा वीस-पंचवीस टाळ्या पुरेत. ते चित्रण आधी मोबाईलवरच, कानात काही न लावता पाहून मेळ असल्याची खात्री करावी. मग पेन ड्राइव्हवर घेऊन टी.व्ही.वर लावावे. हात भिडणे आणि टाळीचा आवाज यांतला फरक लहान मूलही सांगू शकेल.

परीक्षेसाठी दुसऱ्या भाषेतून आणलेला चित्रपट मात्र घेऊ नये. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि मामुट्टी यांची भूमिका असलेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा २००० साली प्रदर्शित झालेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो मूळ इंग्रजीत आहे. हिंदीत पाहिला तर ओठ इंग्रजी वाक्य बोलतात आणि कानावर हिंदी पडते. तेथे ओठ जुळणारच नाहीत आणि त्यात आपल्या संचाचा काडीचाही दोष नाही. गाण्यांचीही तीच गोष्ट. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रीकरणात नट नुसते ओठ हलवतो. तेव्हा गाण्यावरून निदान करू नये.

दोष कोठे आहे ते शोधा

पहिली पायरी. होम थिएटर बंद करून टी.व्ही.च्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकावे. तेथेही मेळ नसेल तर होम थिएटर निर्दोष आहे, त्याला हात लावू नये. दोष येणाऱ्या कार्यक्रमात, सेट टॉप बॉक्समध्ये किंवा फाईलमध्ये आहे.

दुसरी पायरी. वाहिनी बदलून पाहावी. एकाच वाहिनीवर तक्रार असेल तर ती त्या वाहिनीची आहे. थोड्या वेळाने ते सुधारतात. अशा वेळी आपण घरची सेटिंग बदलली तर उद्या बाकीच्या सर्व वाहिन्या बिघडतील. सर्व वाहिन्यांवर तक्रार असेल तर सेट टॉप बॉक्सचा स्विच भिंतीवरून बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. डिजिटल प्रसारणात चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या तुकड्यांत येतात आणि प्रत्येक तुकड्यावर कधी दाखवायचे याची वेळ लिहिलेली असते. बॉक्स ती वेळ पाहून दोन्ही जुळवतो. पावसात संकेत तुटला किंवा बॉक्स दिवसेंदिवस चालू राहिला, की हा हिशेब कधी कधी चुकतो. बंद-चालू केल्याने तो नव्याने मांडला जातो. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या ॲपचेही तसेच. ॲपमधून बाहेर पडून पुन्हा आत यावे.

तिसरी पायरी. टी.व्ही.च्या स्पीकरवर मेळ नीट आहे, पण होम थिएटरवर बिघडतो, असे असेल तर दोष जोडणीत किंवा सेटिंगमध्ये आहे. तो आपल्या हातात आहे.

एक सूचना येथे करावीशी वाटते. टी.व्ही.चे स्पीकर आणि होम थिएटर दोन्ही एकदम वाजत असतील तर विहिरीत बोलल्यासारखा घुमारा येतो. पुष्कळ घरांत यालाच 'आवाज मागे-पुढे होतो' असे म्हणतात. टी.व्ही.चा स्पीकर सेटिंगमधून बंद करावा, म्हणजे निम्मी तक्रार तेथेच मिटते.

आवाज मागे राहत असेल तर

आवाज मागे असताना विलंबाचे बटण वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. येथे आवाजाची वाट आखूड करायची आहे.

पहिला संशयित ब्लूटूथ. ब्लूटूथने आवाज पाठवताना तो आधी दाबून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो, साठवला जातो आणि पुन्हा उलगडला जातो. साध्या पद्धतीच्या ब्लूटूथला यासाठी १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. गाणी ऐकायला ते चालते, चित्रपटाला नाही. टी.व्ही. आणि साऊंडबार दोन्हींवर एच.डी.एम.आय.च्या ज्या खाचेशेजारी 'ए.आर.सी.' असे लिहिलेले असते, त्या दोन खाचा वायरने जोडाव्यात. तशी खाच नसेल तर ऑप्टिकल वायर लावावी.

वायर लावूनही आवाज मागे राहिला तर टी.व्ही. आणि होम थिएटर या दोहोंच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले', 'ए.व्ही. सिंक' किंवा 'लिप सिंक' यांपैकी जे नाव असेल ते शोधून आकडा शून्यावर आणावा. घरातल्या मुलांनी खेळता खेळता तो वाढवून ठेवलेला असतो आणि कोणाला पत्ताही नसतो. त्यानंतर टी.व्ही.च्या 'डिजिटल ऑडिओ आऊट' या सेटिंगमध्ये 'पी.सी.एम.' निवडून पाहावे. डॉल्बीसारख्या दाबलेल्या स्वरूपात आवाज गेला तर होम थिएटरला तो उलगडावा लागतो. पी.सी.एम. म्हणजे उलगडलेला आवाज. काही जोडण्यांत त्यामुळे मागच्या स्पीकरांचा वेगळा आवाज जातो, हे मात्र लक्षात ठेवावे. होम थिएटरवरचे आभासी घुमाव देणारे परिणामही बंद करून पाहावेत.

याउपर आवाज मागेच असेल तर टी.व्ही. 'गेम मोड'वर तर नाही ना, ते पाहावे. गेम मोडमध्ये टी.व्ही. चित्रावरचे संस्कार टाळून ते झटपट दाखवतो. तो बंद केला की चित्र किंचित थांबते आणि मागे राहिलेला आवाज त्याला गाठतो.

आवाज पुढे जात असेल तर

हा प्रकार सेट टॉप बॉक्स किंवा प्लेअरची वायर आधी होम थिएटरला आणि तेथून टी.व्ही.ला नेली असेल, तेव्हा अधिक आढळतो. आवाज होम थिएटरमध्येच थांबून लगेच वाजतो. चित्र मात्र पुढे टी.व्ही.त जाऊन वेळ खाते.

येथे दोन उपाय आहेत. पहिला, चित्राला लवकर आणणे. टी.व्ही.वर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करावी किंवा गेम मोड चालू करावा. दुसरा, आवाजाला थांबवणे. एच.डी.एम.आय.च्या १.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ सालापासून, टी.व्ही.ने आपला विलंब होम थिएटरला कळवण्याची सोय त्या जोडणीत आली. होम थिएटरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो लिप सिंक' दिसत असेल तर ते प्रथम चालू करावे. पुढे २०१७ साली जाहीर झालेल्या २.१ आवृत्तीबरोबर 'ई-ए.आर.सी.' आली. तिच्यात मेळ जुळवण्याची ही सोय सक्तीची आहे. दोन्ही संच नवे असतील तर हीच वाट धरावी.

ते जमले नाही तर हाताने जुळवावे. नेहमीच्या जागी बसावे, टाळ्यांचे चित्रण लावावे आणि 'ऑडिओ डिले' शून्यापासून २०-२० मिलिसेकंदांनी वाढवत न्यावा. आवाज पुढे असल्याचे जेथपर्यंत जाणवते तो आकडा लिहून ठेवावा. तेथे थांबू नये. वाढवत राहावे आणि आवाज मागे पडल्याचे जेथे प्रथम जाणवते तो आकडाही लिहावा. समजा पहिला आकडा ६० आणि दुसरा १६० आला. दोहोंचा मध्य ११० धरावा. संशय वाटला तर मध्यापेक्षा किंचित जास्त ठेवावा, कमी ठेवू नये. मागे राहिलेला आवाज आपला मेंदू माफ करतो, हे वर सांगितलेच आहे.

पुष्कळ होम थिएटरमध्ये 'स्पीकर डिस्टन्स' असे दुसरे एक सेटिंग असते. प्रत्येक स्पीकर आपल्यापासून किती अंतरावर आहे ते तेथे लिहायचे असते, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज दूरच्यासाठी थोडा थांबवला जातो. ते स्पीकर-स्पीकरमधले भांडण मिटवण्यासाठी आहे. चित्र आणि आवाज यांचा मेळ जुळवण्यासाठी तेथे खोटी अंतरे लिहू नयेत. फितीने मोजून खरी लिहावीत.

पेन ड्राइव्हवरचा चित्रपट

फाईलच्या बाबतीत एक प्रश्न आधी विचारावा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे, की वाढत जातो? सारखा असेल तर संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये तो सहज सुधारतो. विंडोजवर 'के' हे बटण एकदा दाबले की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो आणि 'जे' दाबले की तेवढाच पुढे येतो. फाईल आधीच संगणकावर असल्यामुळे येथे आवाज पुढेही ओढता येतो, हा तिचा विशेष.

फरक वाढत जात असेल तर चित्र आणि आवाज यांचा वेगच वेगळा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. अमेरिकन पद्धतीच्या टी.व्ही.साठी तो २३.९७६ करतात. फरक अगदी किरकोळ दिसतो, पण एकाचे चित्र आणि दुसऱ्याचा आवाज जोडला तर तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडते. तीन तासांच्या चित्रपटाच्या शेवटी ती जवळजवळ ११ सेकंदांवर जाते. पहिल्या प्रसंगात लक्षातही येत नाही आणि शेवटी मात्र नायक मरून पडल्यावर त्याचा संवाद ऐकू येतो. चुकीच्या व्याजदराने मांडलेल्या खात्यासारखे हे आहे. एकदा रक्कम दुरुस्त करून भागत नाही, दरच बदलावा लागतो. अशी प्रत टाकून द्यावी आणि चित्रपट रीतसर मार्गाने पाहावा, हेच उत्तम.

समाजमंदिरात चित्रपट दाखवताना

जयंती किंवा अन्य कार्यक्रमानिमित्त प्रोजेक्टर लावून चित्रपट दाखवणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना दोन शब्द सांगतो. समजा स्पीकर पडद्याजवळ आहेत आणि शेवटची रांग १७ मीटरवर आहे. त्या रांगेपर्यंत आवाज पोहोचायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात. एवढे खपते. परंतु स्पीकर ब्लूटूथने जोडला आणि त्याने २०० मिलिसेकंद खाल्ले, तर मागच्या रांगेचा हिशेब २५० वर जातो. म्हणजे पाव सेकंद. मागच्या रांगेत कोण बसते? उशिरा कामावरून आलेली माणसे, लहान मूल घेऊन दाराशी बसलेल्या बाया, पाठीला भिंत लागणारी म्हातारी माणसे. ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला त्यांनाच तो तुटक ऐकू येणार. तेव्हा वायर आदल्या दिवशीच मागवून ठेवावी आणि टाळीची परीक्षा शेवटच्या रांगेत बसून घ्यावी, पडद्यापुढे उभे राहून नव्हे.

एवढे जरूर करावे

ज्या आकड्यावर मेळ जुळला तो घरातल्या हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा. सेट टॉप बॉक्ससाठी एक, प्लेअरसाठी दुसरा, पेन ड्राइव्हसाठी तिसरा, असे वेगवेगळे आकडे येऊ शकतात. वीज गेल्यावर किंवा टी.व्ही.ने आपोआप नवे सॉफ्टवेअर घेतल्यावर सेटिंग पुसले गेले, तर पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.

एवढे करूनही जमले नाही, तर मेकॅनिकला अवश्य बोलवावे. परंतु त्याला 'आवाज बिघडला आहे' असे मोघम सांगू नये. 'टी.व्ही.च्या स्पीकरवर मेळ बरोबर आहे, होम थिएटरवर आवाज मागे राहतो, वायर लावून आणि डिले शून्य करून पाहिला आहे' असे नेमके सांगावे. माहिती असलेल्या गिऱ्हाईकाला 'बोर्ड गेला' असे सांगून खर्चात घालणे अवघड असते. घरातल्या गृहिणीने, शाळकरी मुलीनेही हे सर्व करून पाहावे. यात स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, झाकण उघडायचे नाही, विजेचा धक्का बसण्याची भीती नाही.

आणि सेटिंग जुळले, की प्रथम घरातल्या सर्वांत वडील माणसाला समोर बसवावे. बातम्या लावाव्यात आणि आवाज नेहमीपेक्षा दोन अंकांनी कमी ठेवावा. "शब्द कळतात का?" असे त्यांना विचारावे. आपले काम नीट झाले की नाही, याचा निकाल त्यांनीच द्यायचा आहे.